दिंडी नव्हती, आजोबा

मेलबर्न,
25 मार्च 2025

ती. आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ग्रुपवर टाकलेला फोटो बघून आजीने "पोरगी तिकडे जाऊन दिंडीत शिरली की काय?" असं विचारल्याचं आईने सांगितलं. सगळे केशरी कपड्यांत, मागे केशरी पताका. आजीचं काही चुकलं नाही. फक्त ती दिंडी नव्हती, 'हार्मनी वीक' होता. फोनवर हे नीट सांगता येईना (तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरता आणि वर मलाच "मोठ्याने बोल" म्हणता), म्हणून पत्र लिहितेय. आई प्रिंट काढून देईल.

ऑस्ट्रेलियात 1999 पासून 21 मार्चला हार्मनी डे साजरा करतात, आता त्याचा आठवडा झालाय. केशरी हा त्याचा रंग. शाळा, ऑफिसं, कौन्सिलची वाचनालयं, सगळीकडे लोक केशरी काहीतरी घालून येतात, आपापल्या देशाचे पदार्थ आणतात, नाचगाणी होतात. इथे हे शोभतंही. 2021 च्या जनगणनेत शंभरातले जवळजवळ 28 जण परदेशात जन्मलेले निघाले, आणि त्यांत इंग्लंडखालोखाल नंबर भारताचा.

पण ही तारीख मुळात नाचगाण्यांची नाही. 21 मार्च 1960 ला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला काळ्या लोकांनी पास (म्हणजे सरकारी ओळखपत्र) बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध निदर्शनं केली आणि पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकड्याप्रमाणे 69 जण गेले. त्याची आठवण म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 1966 मध्ये हा दिवस वंशभेदाच्या निर्मूलनासाठी राखून ठेवला. इथे त्याचं 'हार्मनी' झालं आणि वंशभेद नावातूनच गळून पडला. यावर नाराज असलेले लोक इथे बरेच आहेत, आणि मला त्यांचं पटतं. तरीही कॅम्पसवरच्या कार्यक्रमाच्या कमिटीत गेले, कारण बाहेर उभं राहून नाक मुरडणं फार सोपं असतं.

तर कमिटी. दरवर्षीप्रमाणे दुपारी बारा वाजता हिरवळीवर खाण्याचे स्टॉल लावायचं ठरत होतं. यादीत मलेशिया, इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेश अशी नावं. आणि रमझान चालू! म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्याच्या कार्यक्रमात उपाशी पोरांनी भर उन्हात बाकीच्यांना वाढायचं. बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी एक मलेशियाची मुलगी म्हणाली, "आम्ही वाढू की. फक्त चव बघायला दुसरं कुणीतरी द्या." तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

मग वाद. संध्याकाळी करायचं तर हॉलचं भाडं, गार्ड, सफाईवाल्यांचा ओव्हरटाइम. एक जण म्हणाला, गेल्या वर्षीही रमझानमध्येच दुपारी केला होता, एकही तक्रार आली नाही. आता जे आलेच नाहीत ते तक्रार कुठून करणार? हे मी जरा चढ्या आवाजात बोलले. तुमची नात आहे. कार्यक्रम 20 तारखेच्या संध्याकाळी गेला आणि दोन स्टॉल कमी करून भाड्याचे पैसे काढले.

त्याच दिवशी इराणी मुलांचं नवीन वर्ष होतं, नवरोझ. तिकडे वसंत सुरू होतो, इथे पानं गळायला लागलीत. तरी त्यांनी टेबल हौसेने मांडलं होतं. सफरचंद, लसूण, व्हिनेगर अशा त्यांच्या भाषेत 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू, आणि मधोमध ताटलीत उगवलेले गव्हाचे हिरवे अंकुर, लाल रिबीन बांधलेले. अगदी आपल्या नवरात्रातल्या घटासारखे. मी किती दिवस आधी पेरले, पाणी किती शिंपडलं असं विचारत बसले आणि माझ्या स्टॉलवर रांग लागली.

सूर्यास्त साडेसातच्या जरा आधी होता. वेळ झाली तशी कुणीतरी गाणं बंद केलं आणि खजुरांचे डबे हातोहात फिरले. रोजा नसलेलेही बरेच जण ताटल्या धरून थांबले होते. सगळे नाही हां, आमच्या वर्गातल्या दोघांनी सामोसे कधीच उडवले होते. ती मलेशियाची मुलगी पाणी प्यायली आणि पाचव्या मिनिटाला माईकवर उभी राहून पुढचा नाच जाहीर करत होती. यंदाची निवेदक तीच.

एक फजिती झाली, ती सांगायलाच हवी. इथे बहिऱ्या लोकांची खुणांची भाषा आहे, ऑस्लन. तिचे दोन दुभाषे बोलावले होते. ते आळीपाळीने काम करतात, कारण वीसेक मिनिटांत हात आणि डोकं दोन्ही थकतं. अंगात साधे, गडद, एकरंगी कपडे, म्हणजे हात उठून दिसतात. सगळं छान चाललेलं. मग नाचाच्या वेळी प्रकाशयोजनावाल्याने 'वातावरण' यावं म्हणून दिवे घालवले आणि निवेदन चालू असतानाच दुभाषी अंधारात गडप! पुढच्या रांगेतल्या बहिऱ्या मुलांसाठी कार्यक्रम तिथेच संपला. त्यांतल्या एकाने मोबाइलचा टॉर्च तिच्यावर धरला, मग शेजारच्याने, मग तिसऱ्याने. पाचएक मिनिटं ती बाई मोबाइलच्या उजेडात गाण्याचे शब्द हातांनी सांगत होती. नंतर आम्ही ग्रंथालयातून टेबललॅम्प आणला. दुभाष्यांसाठी वेगळा दिवा ठेवायचा, हे पुढच्या यादीत आता सगळ्यांत वर लिहिलंय.

स्टेजला चार पायऱ्या होत्या. गिटार वाजवणारा एक मुलगा व्हीलचेअरवर असतो. इथला नियम असा की उतार चौदा फुटांना एक फुटाहून जास्त चढा नको, आणि आम्हाला मिळालेली फळी म्हणजे घसरगुंडी होती. चौघांनी उचलून वर ठेवू, असं एकाने सुचवलं. तो मुलगा म्हणाला, "मी सामान नाही." मग त्याला वर चढवण्यापेक्षा आम्ही सगळा कार्यक्रमच खाली जमिनीवर उतरवला. स्टेजवर नुसत्या पताका राहिल्या. दिसायलाही बरं दिसलं, कारण मागच्यांना बाकांवर उभं राहायची सवय असतेच.

आता तुमच्या आवडीचा विषय: शुद्धलेखन. फ्लिंडर्स स्ट्रीटवर जुन्या कस्टम्स हाऊसमध्ये इमिग्रेशन म्युझियम आहे, तिथे गेले होते. 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा केला की नको असलेल्या माणसाला बंदरावर 50 शब्दांचं शुद्धलेखन घालायचं, तेही अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत. इंग्रजी येत असेल तर जर्मन घाला, जर्मन येत असेल तर आणखी कुठली. 1909 नंतर या परीक्षेत एकही माणूस पास झाला नाही! तुम्ही चौथीच्या वर्गाला घालायचात त्यात निदान पाचसहा पोरं तरी सुटायची.

एगॉन किश नावाचा एक चेक पत्रकार 1934 मध्ये हिटलरविरुद्ध भाषणं द्यायला आला. सरकारला तो नको होता. बोटीवरून उतरू देईनात, तर गड्याने इथे मेलबर्नच्या धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याला खूप भाषा यायच्या, म्हणून सिडनीत त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये शुद्धलेखन घातलं. शेवटी हायकोर्टाने ठरवलं की कायद्याच्या हिशेबाने गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे, आणि तो सुटला. ही परीक्षा 1958 मध्ये गेली, गोऱ्यांनाच घ्यायचं हे धोरण 1973 मध्ये. म्हणजे बाबा जन्मले तेव्हा ते चालूच होतं.

आणि हे सगळं वाचून बाहेर पडताना माझी रूममेट म्हणाली, "गोरे 50 शब्द विचारायचे. आपले लोक एकच विचारतात, आडनाव." ती विदर्भातली. इथल्या मराठी घरगुती कार्यक्रमांत तिला पहिला प्रश्न "आडनाव काय?", दुसरा "मूळ गाव कुठलं?", आणि मग कधीकधी तो नुसता "अच्छा". मला तो "अच्छा" कधी ऐकावा लागलेला नाही. गणपतीत ती एका घरी गेली होती, परत जायचं नाव काढत नाही. तिथे कुणी वाईट बोललं नाही, जेवायलाही आग्रहाने वाढलं. पण स्वयंपाकघरात मदतीला गेली तर "तू बस गं बाहेर" म्हणून पाठवली आणि तिच्यामागून आलेल्या दुसरीला कोथिंबीर निवडायला दिली. वंशभेदाबद्दल आमच्यासारखे तावातावाने बोलणारे इथे खूप आहेत, मीही त्यातलीच. याबद्दल कुणी केशरी टी-शर्ट घालत नाही.

14 एप्रिलला कॅम्पसवर आंबेडकर जयंती करायचं तिने ठरवलंय. मीटिंग ती घेणार, वक्ते ती ठरवणार. खोलीचं बुकिंग, माईक, दुभाषे आणि त्यांचा दिवा माझ्याकडे. बोलावणं सगळ्या मराठी घरांना जाईल, त्या गणपतीवाल्या घरालासुद्धा, असं तिचंच म्हणणं. ते येतील का माहीत नाही. एका काकांनी "हे राजकारण कशाला इथे?" असा मेसेज आत्ताच टाकलाय. त्याला तिने कार्यक्रमाचा पत्ता आणि वेळ पाठवली, दुसरं काही नाही.

तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही शाळेत हजेरी नुसती नावाने घ्यायचात, आडनाव वाचायचाच नाहीत, असं बाबा सांगतात. खरं का? आणि एकाच वर्गात चार संतोष असले तर काय करायचात? हेडमास्तर काही बोलले का? दोन ओळी लिहून आईकडे द्या, ती फोटो काढून पाठवेल. तुमची हरकत नसेल तर माझ्या रूममेटला त्या जयंतीच्या दिवशी वाचून दाखवायच्या आहेत.

रविवारी पाडव्याला फोन करते. 6 एप्रिलला इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर तुमचे दुपारचे चार म्हणजे माझे रात्रीचे साडेआठ, तेव्हा केला तर मी घरी सापडेन. आजीला नमस्कार.

तुमची नात