अनुदान कोणाला द्यायचे?

चिरंजीव बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले टिपण सावकाश वाचले. सरकारने महाविद्यालयांचे वेतन अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करावे, ती रक्कम शिष्यवृत्ती म्हणून थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करावी आणि त्यातून जे वाचेल ते प्राथमिक शाळांकडे वळवावे, हे तुझे म्हणणे मला नीट समजले आहे. दिवाळीत याच विषयावरून आपले आवाज चढले आणि तुझे बाबा ताटावरून उठायला निघाले, म्हणून या वेळी लिहूनच उत्तर देते.

आरंभी तू महात्मा फुले यांचा दाखला दिला आहेस. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात स्वच्छ सांगितले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, हे खरेच आहे. पण त्याच निवेदनात, सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घेतल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि नाना धर्मपंथांच्या या देशात सरकारने राखलेली तटस्थताही धोक्यात येईल, असा इशारा आहे. शिवाय ज्या वर्गांपर्यंत विद्या पोचलेली नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, अशी सूचनाही आहे. महापुरुषाचे अर्धे वाक्य उचलून त्याला आपल्या बाजूला उभे करण्याची खोड आपल्याकडच्या सर्व पक्षांना आहे. ती तुला लागू नये, एवढीच इच्छा.

उच्च शिक्षणातून वाचवलेला पैसा खालच्या वर्गांकडे जाईल, या तुझ्या गृहीतकावर मात्र माझा मुळीच विश्वास नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून व्यावसायिक शिक्षणाचा मोठा भार पालकांच्या खिशावर गेला. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला, की 1987 मध्ये त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. या चाळीस वर्षांत शासनाचा जो खर्च टळला, त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळा भरभराटीला यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला आणि त्याच वर्षी देणगीदारांना शाळा दत्तक देण्याची योजनाही निघाली. वाड्यावस्त्यांवरच्या शाळेला शिक्षक द्यायलाही पैसा नाही म्हणणारे सरकार तुझी बचत तिथेच नेऊन ठेवील, असे तुला कशावरून वाटते? राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत, ही कोठारी आयोगाची शिफारस 1966 पासून आपण उगाळत आहोत आणि 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही तीच पुन्हा छापली आहे. एकूण रक्कम वाढवायची नाही हे आधीच मान्य केले, की मग प्राथमिकवाले आणि महाविद्यालयवाले एकमेकांच्या ताटातली भाकरी मोजत बसतात.

आता पैसे विद्यार्थ्यामागे पाठवण्याविषयी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क शासन 2024-25 पासून पूर्णपणे भरते. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले, कारण मुलाचे शुल्क भरून झाल्यावर मुलीच्या वेळी हात आखडणारी घरे मी माझ्याच वर्गात पाहिली आहेत. पण प्रतिपूर्तीची ही वाट कशी चालते तेही पाहा. खासगी महाविद्यालयाचे शुल्क शासनाचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते ते संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून, आणि तेच शुल्क मग शासन चुकते करते. म्हणजे सार्वजनिक पैसा जातोच. फरक इतकाच, की त्या बदल्यात शासनाच्या मालकीची एकही प्रयोगशाळा उभी राहत नाही आणि प्राध्यापकाचे एकही कायम पद निर्माण होत नाही. हप्ता उशिरा आला, की कार्यालयातला कारकून मुलीलाच आधी पैसे भरायला सांगतो.

अनुदानित प्राध्यापक शिकवोत वा न शिकवोत, पगार घेतात, हा तुझा टोमणा मी पचवते, कारण तो अगदीच खोटा नाही. आपल्या राज्यात पगार शासकीय तिजोरीतून आणि नेमणूक संस्थाचालकाच्या हातून, अशी विचित्र वाटणी आहे. जागेसाठी देणगी मागितली जाते, हे आमच्या स्टाफरूममध्ये सर्वांना ठाऊक असे आणि कोणीही मोठ्याने बोलत नसे. यावर उपाय म्हणून भरती संस्थांच्या हातून काढून लोकसेवा आयोगासारख्या यंत्रणेकडे द्यावी. शालेय शिक्षकांच्या भरतीसाठी शासनाचे पवित्र पोर्टल आले तेव्हा त्या दिशेने एक पाऊल पडले. परंतु भ्रष्ट नेमणुका होतात म्हणून पदेच नकोत, हा न्याय मला पटत नाही. भरती रखडल्याचे फळ आज तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन मिळणाऱ्या, तरुणांना भोगावे लागते आहे. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसे दोन-तीन महाविद्यालयांत धावत तास घेतात आणि सुट्टीच्या महिन्यांत त्यांच्या हाती काहीच येत नाही. अशांकडून कोणत्या संशोधनाची अपेक्षा ठेवायची?

तुझ्या योजनेत एका गोष्टीचे उत्तर मला कुठेच सापडले नाही. पाटण किंवा जावळीसारख्या तालुक्यात भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला मोजकीच मुले असतात. त्यांच्या शिष्यवृत्त्या एकत्र केल्या तरी एका प्राध्यापकाचाही पगार निघणार नाही, आणि मग संस्था तो विभाग बंद करील, हे उघड आहे. मुलगे कदाचित साताऱ्याला किंवा पुण्याला खोली घेऊन राहतील. मुलींपैकी कितीजणींना घरून पाठवतील, हे तू गावात वाढला आहेस म्हणून तुला सांगायला नको. खात्यात जमा झालेली रक्कम घेऊन त्यांनी कोणत्या महाविद्यालयात जायचे, ते मला सविस्तर लिहून कळव. मोबाइलवर दोन ओळींत नको.

तुझी,
आई