सूचना : सिलिंडर सोडून पाईप गॅस, शेगडीचे जेट बदलणे

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ पासून गॅस फिटर आपल्या इमारतीत येतील, सुरुवात ए विंगच्या तळमजल्यापासून. घरात एक मोठी व्यक्ती हवीच.

शेगडी तीच राहते, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदलतात. सिलिंडरच्या गॅसचा दाब रेग्युलेटरनंतर सुमारे ३० मिलिबार, पाईप गॅसचा २१. शिवाय पाईपमधून येतो तो नैसर्गिक गॅस; तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी, म्हणून भोक मोठं लागतं. जुन्या जेटवर ज्योत मिणमिणती राहते, भाकरीचा तवा तापत नाही. सुई किंवा ड्रिलने भोक वाढवू नका. ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात, विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आणि कळकळीची विनंती, बदललेली शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडू नका. ज्योत भडकते.

• आपल्या खाऱ्या हवेत जेटचे आटे जाम होतात. स्वतः पाना लावू नका, फिटरला आधीच सांगा.
• गॅस गीझर असल्यास आधी कळवा, त्याचे सुटे भाग वेगळे असतात.
• रबरी नळी नवी, आयएसआय खुणेची घ्या; लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको.
• नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, गळती झाली तर छताशी साचतो. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या वरच्या झडपेला लावलेलं प्लॅस्टिक आताच काढा.
• सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करा. सिलिंडरची जोडणी घेताना मिळालेलं मूळ व्हाउचर नेलं तर अनामत परत मिळते.

फिटर निघण्यापूर्वी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडा आला तर सही करू नका.

– सचिव