पाण्यातला कण ओळखायचा कसा?

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

गढूळपणाचा मीटर आकडा दाखवतो, पण पाण्यात माती आहे की प्लास्टिक ते का सांगत नाही, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता. म्हणून हे पत्र.

अरे, तो मीटर पाण्यात प्रकाश सोडतो आणि काटकोनात किती प्रकाश विखुरला तेवढंच मोजतो. माती, शेवाळ, बुडबुडे, त्याला सगळे सारखेच. बाटली हलवून लगेच लावलीस तर नुसत्या बुडबुड्यांनी आकडा चढतो.

ओळख पटवायची तर कोन बदलत बघावं लागतं. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान कण पुढे आणि मागे सारखाच प्रकाश फेकतात, आणि तोही अगदी क्षीण: व्यास निम्मा झाला की विखुरलेला प्रकाश 64 पटींनी घटतो. मोठे कण बहुतेक प्रकाश पुढेच ढकलतात. मधल्या आकाराच्या गोल कणांचं नेमकं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी (Mie) यांनी 1908 साली मांडलं. गोल कणांचं, हे विसरू नकोस! मातीचा कण कधी गोल असतो? त्यामुळे हे गणित वापरून यंत्राने काढून दिलेल्या कणांच्या आकारांच्या गुळगुळीत आलेखावर माझा तरी फारसा विश्वास नाही.

शिवाय अपवर्तनांकाची, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्या आकड्याची, भानगड आहेच. तो पाण्याच्या जितका जवळ, तितका कण कमी प्रकाश विखुरतो. पाण्याचा 1.33, जिवाणूंचा 1.4 च्या आसपास, म्हणून ते पाण्यात जवळजवळ लपून जातात. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा 1.59, ते ठळक दिसतं. पण वाळूतल्या क्वार्ट्झचा 1.54! म्हणजे तुला ज्या दोघांत फरक करायचाय, तेच इथे एकमेकांत मिसळतात.

तिथे रामन परिणामच कामाला येतो. विखुरलेल्या प्रकाशातला अगदी नगण्य हिस्सा रंग बदलून येतो, आणि तो बदल रेणूच्या बंधांवर ठरतो. हा बदल वर्णपटात रेघेसारखा दिसतो आणि प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात: पॉलिस्टायरिनची ठळक रेघ 1000 च्या आसपास येते, क्वार्ट्झची 464 ला. घोटाळा होण्याचं कारणच नाही. अडचण वेगळीच: शेवाळ आणि सेंद्रिय मळ लेझरखाली स्वतःच चमकतात आणि ती क्षीण रेघ बुडवून टाकतात. त्यामुळे नमुना आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करावा लागतो.

तू एवढंच कर: पाणी काचेच्या बाटलीत भर, झाकण धातूचं घे आणि गाळायला प्लास्टिकची गाळणी वापरू नकोस. सोबत शुद्ध पाण्याचा एक नमुनाही त्याच पद्धतीने गाळून ठेव. हवेतले आणि कपड्यांचे धागे किती पडले ते त्यावरून कळेल. दोन्ही घेऊन ये, मग बसू.

तुझा,
श्रीकांत