क्यू आला, यू नाही

ती. आबा,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, संध्याकाळी करतेस काय? मी म्हटलं, खेळते, आणि तेवढ्यात फोन कटला. तुम्ही भलतंच काही समजला असाल, म्हणून सविस्तर लिहिते.

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, वय ऐंशीच्या घरात. दर शुक्रवारी त्या स्क्रॅबलचा पट घेऊन खाली येतात. पिशवीत 100 सोंगट्या, त्यातल्या सात आपल्या पुढ्यात घ्यायच्या आणि शब्द जुळवायचे. दोन सोंगट्या कोऱ्या, बाकी प्रत्येकीवर एक अक्षर आणि त्याचे गुण. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुरचनाकाराने 1930च्या दशकात हा खेळ रचला. वर्तमानपत्रात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते त्याने चक्क मोजून काढलं होतं. म्हणून ई बारा आहेत, आणि क्यू एकच. त्या एकट्या क्यूला 10 गुण. ऐकायला छान वाटतं ना? पहिल्याच डावात तो माझ्याकडे आला, चारही यू आधीच पटावर जाऊन बसलेले, आणि शेवटपर्यंत तो माझ्या गळ्यात धोंडा होऊन राहिला. माझे 10 वजा झाले, तेच 10 बाईंच्या खात्यात गेले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हसत हसत पटावर दोनच अक्षरं ठेवली : क्यू आणि आय. मी म्हटलं, हा कसला शब्द? त्या म्हणाल्या, "शब्दकोशात आहे." अर्थ? "तो कशाला हवा?"

आबा, त्या क्षणी तुम्ही आठवलात. "अर्थ सांगता येत नसेल तर शब्द तोंडातून काढू नकोस," हे ऐकत मी मोठी झाले. मग त्या रात्री मीच शोधलं. उच्चार 'ची', शब्द चिनी, अर्थ शरीरात वाहणारी जीवनशक्ती. आपण 'प्राण' म्हणतो त्याच्या जवळचा. तेव्हापासून वही घातली आहे. शब्द खेळायचा तर अर्थ आधी वहीत उतरलेला हवा, असा माझा मलाच नियम. बाईंना हा शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि गुण बघितले तर त्यांचंच बरोबर आहे.

या वहीमुळे क्यूशी मात्र दोस्ती झाली. इंग्रजीत क्यूच्या मागे यू हवाच, हे आपण शाळेत घोकलं. पण जुन्या इंग्रजीत राणीसाठीचा शब्द, म्हणजे आजचा 'क्वीन', सी-डब्ल्यूने सुरू व्हायचा. 1066 नंतर इंग्लंडात नॉर्मन राज्य आलं आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे क्यू-यू बसवलं. म्हणजे ती जोडी आली फ्रेंचांकडून, आणि यू नसलेले क्यूचे शब्द आले त्याहून लांबून, बरेचसे अरबीतून. अरबीत घशातून काढायचा एक क आहे, त्याच्यासाठी रोमन लिपीत क्यू वापरतात. आता यादी बघा. क्यू-ए-डी-आय : कादी. अरब ज्याला 'द'सारखं म्हणतात, त्याला फारशीत 'झ' म्हणतात. आपल्याकडे शब्द फारशीच्या वाटेने आला म्हणून आपला काझी. एफ-ए-क्यू-आय-आर : फकीर. टी-ए-एल-ए-क्यू : तलाक. मी हे एकामागून एक अर्थासकट सांगत गेले तेव्हा बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे सगळे शब्द पाठ होते, पण फकीर कोण असतो हे ठाऊक नव्हतं! कव्वालीसुद्धा आहे, बरोब्बर सात अक्षरं, म्हणजे सातही सोंगट्या एकदम लावल्याचे वर 50 गुण जास्तीचे. पण तिला दोन डब्ल्यू लागतात आणि पिशवीत आहेतच दोन. वाट बघते आहे.

एकदा मात्र तोंडावर पडले. क्यू-ए-एन-ए-टी, कनात. मी ठणकावून सांगितलं, तंबूची कापडी भिंत. शब्दकोश उघडला तर निघाला इराणातला जमिनीखालून पाणी नेणारा कालवा. चांगला चार दिवस फुगा फुटल्यासारखी बसले होते.

दोन अक्षरी शब्दांची तर वेगळीच गंमत. कॉलिन्स शब्दकोशाच्या स्क्रॅबलसाठीच्या यादीत असे 127 आहेत, आणि त्यातले कित्येक कानाला मराठीच वाटतात. ए-आय, उच्चार 'आई', अर्थ दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा, दिवसभर फांदीला लोंबकळणारा आळशी प्राणी. (हे आईला वाचून दाखवू नका.) के-ए म्हणजे 'का', प्राचीन इजिप्तमधली माणसाच्या आत्म्याची एक कल्पना. जे-ओ म्हणजे 'जो', स्कॉटलंडमध्ये प्रियकर किंवा प्रेयसी. आणि एन-ए म्हणजे 'ना', तिथल्याच बोलीत, अर्थ : नाही! हा मी वहीत लाल शाईने लिहिला आहे. या 127 शब्दांत सगळी अक्षरं कुठे ना कुठे येतात, फक्त व्ही नाही. व्हीचा दोन अक्षरी शब्दच नाही. आपला 'व' एकटा उभा राहून 'आणि'चं काम करतो, हे सांगितलं तर बाईंचा विश्वास बसेना.

स्वर नसलेले शब्दही असतात. सी-डब्ल्यू-एम घ्या. 'कूम' म्हणतात. शब्द वेल्श, आणि वेल्शमध्ये डब्ल्यू स्वराचं काम करतो. अर्थ, हिमनदीने डोंगरात कोरलेली खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या 'वेस्टर्न कूम'मधला हाच. ते नाव मॅलरी या इंग्रज गिर्यारोहकाने 1921 साली दिलं. गिर्यारोहणाची इतकी पुस्तकं तुम्ही वाचलीत, तुम्हाला कदाचित माहीत असेल. मला तो 10 गुणांच्या निमित्ताने भेटला.

बाईंशी माझा वाद अजून चालूच आहे. त्या नायजेल रिचर्ड्सचा दाखला देतात. न्यूझीलंडचा हा माणूस 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना. शब्दांची यादी पाठ केली, बस. 2024 साली स्पॅनिशमध्येही तेच. मला कौतुक वाटतं आणि थोडी भीतीही. एवढे हजारो शब्द डोक्यात, आणि एकही त्याच्याशी बोलत नाही! बाई म्हणतात, तू अर्थ शोधत बस, तोवर मी जिंकते. जिंकतातही. आतापर्यंत अकरा डावांत माझे दोन.

म्हणून मी एक वेगळा खेळ काढला आहे आणि त्यात त्यांना शिरकाव नाही. एकेका अक्षराच्या शब्दांचं वाक्य करायचं. इंग्रजीत असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे ये, जा, दे, घे, खा, पी, ने, धू, सगळे हुकूम एका अक्षरात उरकतात. मी इथवर आले आहे : "तू ये, हा पी, हे खा, ते ने नि जा." दहा झाले. तुम्ही बारा करून पाठवा. 'व' वापरलेला चालेल. आजीने मदत केली तर तसं प्रामाणिकपणे लिहा.

आजीला आणि आईबाबांना नमस्कार.

तुमची,
चिमी