हँडलला दोष देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की हार्डवेअरच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येते: ‘हँडल गेले, नवीन द्या.’ बऱ्याचदा हँडल धडधाकट असते आणि बिघाड भलतीकडेच असतो. ग्राहक नवी जोडी घेऊन जातो आणि आठवडाभरात तीच तक्रार घेऊन परत येतो. म्हणून हे पत्र.

हल्ली फ्लॅटच्या दारांना सर्रास मॉर्टिस कुलूप असते. कुलपाची पेटी दाराच्या जाडीत खाच पाडून बसवतात आणि दोन्ही बाजूंची हँडले एका चौकोनी सळईने जोडलेली असतात. ही सळई, म्हणजे स्पिंडल, बहुधा ८ मिमीची. हँडल दाबले की स्पिंडल फिरतो आणि पेटीतली तिरकी जीभ आत ओढली जाते.

हँडल नुसतेच खुळखुळत असेल किंवा हातात येत असेल, तर त्याच्या मानेखाली बोटाने चाचपून पाहा. बारीक भोकात बिनडोक्याचा स्क्रू असतो. हँडल दाराकडे दाबून धरायचे आणि अ‍ॅलन कीने (षट्कोनी टोकाची वाकडी किल्ली) तो आवळायचा. बहुतेक ठिकाणी ३ मिमीची चालते. स्क्रूचे टोक स्पिंडलच्या सपाट बाजूवर टेकले पाहिजे, कडेवर टेकले तर दोन दिवसांत पुन्हा सैल. जोर मात्र बेताचा. स्वस्त हँडले जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यांचे आटे चटकन मरतात.

हँडल खाली लोंबत असेल तर ते काढून स्पिंडल पकडीने थोडा फिरवून सोडा. तो झटक्यात जागेवर आला तर पेटीची स्प्रिंग ठीक आहे, हँडलच त्याच्या पट्टीत घासते आहे. पट्टीचे स्क्रू अर्धा आटा ढिले करून बघा. स्पिंडल परत आला नाही तर पेटी बदलायची, हँडल नव्हे. दुकानात जाताना जुनी पेटी सोबत न्या. स्पिंडलच्या आणि चावीच्या भोकांमधले अंतर (८५ मिमी बरेच आढळते) आणि दाराच्या कडेपासून स्पिंडलपर्यंतचे अंतर जुळले नाही, तर नव्या पेटीसाठी दार पुन्हा कोरावे लागते.

सर्वांत फसवी तक्रार म्हणजे ‘हँडल वर उचलल्याशिवाय दार लागत नाही.’ जिभेला खडू फासून दार लोटा. चौकटीच्या पट्टीवर खूण भोकाच्या खाली उमटली, तर दार खाली बसले आहे आणि दुखणे वरच्या बिजागरीत आहे. तिचे आखूड स्क्रू काढून चौकट लाकडी असल्यास ५० मिमीचे घाला. भोके सैल झाली असतील तर सागाच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोका आणि रात्रभर सुकू द्या. खूण योग्य उंचीवर असूनही दार अडत असेल तर ते फुगले आहे. लगेच रंधा मारू नका, हिवाळ्यात फट पडते. दार कोरडे झाल्यावर वरची आणि खालची कड रंगवून घ्या. या दोन कडा कोऱ्या सोडण्याची वाईट खोड आहे आणि ओल तिथूनच शिरते.

कुलपात खोबरेल तेल घालू नये, धूळ धरून त्याचा चिकटा होतो. चावीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड घाला. पेन्सिलीच्या शिशाचा भुगाही चालतो. फरशी अ‍ॅसिडने धुताना खिडक्या उघड्या ठेवा. त्या वाफेने नव्या हँडलांवरही डाग पडतात, स्टेनलेस स्टीलसुद्धा सुटत नाही. किनाऱ्यावरच्या घरांत खाऱ्या हवेमुळे तेच होते; साध्या पाण्याने पुसत राहणे एवढाच स्वस्त उपाय.

बाथरूमबद्दल मात्र जरा कठोर बोलायला हवे. आतून खिट्टी लावली आणि आतली व्यक्ती चक्कर येऊन पडली, तर दार फोडण्यावाचून गत्यंतर नाही. दार आत उघडणारे असेल तर ते माणसावरच ढकलावे लागते. बाहेरच्या बाजूला नाण्याने फिरणारी खाच असलेले बाथरूम-लॉक बाजारात सहज मिळते. ते बसवून घ्यावे आणि खिट्टी काढून टाकावी, नाहीतर लॉकचा उपयोग शून्य. साबणाच्या हातात किंवा संधिवाताच्या बोटांत गोल मूठ फिरत नाही, आडवी दांडी कोपरानेही दबते. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २०१४ पासून नव्या घरांत दांडीच सक्तीची केली. दांडीचे टोक दाराकडे वळलेले घ्यावे, म्हणजे पदर किंवा बाही अडकत नाही. दांडी जमिनीपासून साधारण एक मीटरवर असावी आणि चौकटीला इतकी खेटून नसावी की दार ओढताना बोटांची सालटी निघतील.

बिल्डरांना एवढीच विनंती: ताबा देताना चाव्यांच्या जुडग्यात एक अ‍ॅलन की आणि कुलपाच्या मॉडेलची चिठ्ठी द्यावी.

आपला,
एक हार्डवेअर दुकानदार, डोंबिवली