न झाडलेल्या गोळ्यांचे मार्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेता लोकांच्या मनातून उतरला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं, माझं काय ते इतिहास ठरवेल. मनमोहन सिंगसुद्धा जानेवारी २०१४ मध्ये पत्रकारांसमोर साधारण असंच बोलले होते, की आजच्या मीडियापेक्षा इतिहास माझ्याशी जरा बरा वागेल. मला हे कधी पटलंच नाही. इतिहास म्हणजे काय हायकोर्ट आहे का, की खाली हरलो तर वर अपील करू? तोही माणसंच लिहितात आणि कोण कुठे बसून लिहितोय त्यावर निकाल फिरतो.

सोव्हिएत युनियनचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह, त्यांचंच बघा ना. १९८९ ला पूर्व युरोपात लोक रस्त्यावर आले, एकेक सरकार पडत गेलं आणि सोव्हिएत रणगाडे जागचे हलले नाहीत. १९५६ ला हंगेरीत आणि १९६८ ला प्रागमध्ये याच रणगाड्यांनी लोकांना चिरडलं होतं ते आठवलं तर ही केवढी मोठी गोष्ट होती ते कळतं. १९९० ला शांततेचं नोबेल मिळालं, बर्लिनने त्यांना मानद नागरिक केलं. आणि घरी? १९९६ ला रशियात अध्यक्षपदाला उभे राहिले तर मतं पडली कशीबशी अर्धा टक्का.

यावर आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात की रशियन जनता कृतघ्न. हे मात्र मला अजिबात मान्य नाही. जानेवारी १९९१ मध्ये त्या लोकांना एका रात्री टीव्हीवर सांगितलं गेलं की ५० आणि १०० रुबलच्या नोटा बाद, बदलायला तीन दिवस. रांगेत उभं राहणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दुकानं आधीच रिकामी होती, मग जानेवारी १९९२ ला किमती मोकळ्या सोडल्या आणि आयुष्यभराची बचत मातीमोल झाली, आता खरं तर तो निर्णय रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारचा, गोर्बाचेव्ह २५ डिसेंबर १९९१ लाच राजीनामा देऊन घरी गेले होते, पण ज्याचं पासबुक रिकामं झालं तो कशाला तारखा बघत बसेल, त्याच्या दृष्टीने सगळं त्या एकाच माणसापासून सुरू झालं. (गोर्बाचेव्हनी दारूवर बंधनं आणली तेव्हाही त्यांच्या पदाचं, म्हणजे पक्षाच्या जनरल सेक्रेटरीचं, मिनरल सेक्रेटरी करून टाकलं होतं लोकांनी, मिनरल वॉटरवरून!)

चर्चिलचं तसंच. मे १९४५ ला युरोपातलं युद्ध जिंकलं आणि जुलैमध्ये निवडणुकीत आपटले. लोक युद्ध विसरले नव्हते, पण त्यांना पुढची घरं, नोकऱ्या, दवाखाने हवे होते आणि त्यासाठी मजूर पक्षाचे ॲटली बरे वाटले. यात कृतघ्नपणा कुठे आला?

मला वाटतं खरी गोची वेगळीच आहे. जे घडलं त्याचा हिशोब लोक चोख ठेवतात, जे घडलंच नाही त्याचे मार्क कोणी देत नाही. रणगाडे पाठवले असते तर किती मेले असते? हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही, कारण ती माणसं मेलीच नाहीत, ती नंतर म्हातारी झाली, आणि त्यातली काही गोर्बाचेव्हना शिव्याही देत असतील. बळ वापरलं नाही की माणूस दुबळा ठरतो आणि वापरलं की कणखर, निदान काही वर्षं तरी.

पण म्हणून त्यांना संत करायचीही गरज नाही. जानेवारी १९९१ मध्येच सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडू बघणाऱ्या लिथुआनियात, विल्नियसला, रणगाडे आलेच होते आणि नि:शस्त्र माणसं मारली गेली. बर्लिनला देवमाणूस, मॉस्कोला देश बुडवणारा आणि विल्नियसला त्या रात्रीचा जबाबदार. यातला नेमका कुठला इतिहासाचा निकाल धरायचा?

आणि उशिरा निकाल लागतो तो तरी पक्का असतो का? इंग्लंडात राजाला हटवून सत्ता हाती घेणाऱ्या क्रॉमवेलचं मढं १६६१ ला उकरून फासावर लटकवलं, मुंडकं काठीवर खोचलं, आणि १८९९ मध्ये त्याच माणसाचा पुतळा पार्लमेंटबाहेर उभा केला. आयर्लंडमध्ये मात्र त्याच्या फौजेने कत्तली केल्या होत्या, तिथे आजही त्याचं नाव काढून बघा.

२०२२ ला गोर्बाचेव्ह गेले, पुतिन अंत्यविधीला फिरकले नाहीत. दफन झालं मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत. तिथेच स्टालिननंतरचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हही आहेत, म्हणजे १९५६ ला स्टालिनचे गुन्हे पक्षासमोर बोलून दाखवणारे आणि त्याच वर्षी हंगेरीत रणगाडे घुसवणारे. त्यांच्या थडग्याचं काम ज्या शिल्पकाराने केलं त्यालाच त्यांनी एका प्रदर्शनात सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याने दगड वापरलेत अर्धे पांढरे, अर्धे काळे.

आपला,
एक जुना वाचक