बेल्ट बदलला, सुई बदलली, घरघर तशीच: टर्नटेबलच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय: जुन्या बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलची सदोष दुरुस्ती

महोदय,

माझा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचे यंत्र) तुमच्याकडे एकाच तक्रारीसाठी दिला होता. दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत स्पीकरमधून खर्जातली घरघर ऐकू येते. तो परत आला तेव्हा बेल्ट नवा, सुई नवी, दोन्हींचे पैसे पावतीत लावलेले आणि घरघर होती तशीच. जॉबकार्डावर शेरा: ‘अर्थिंग तपासावे. जुने मशीन आहे, थोडा आवाज राहणारच.’

आधी अर्थिंगचे पाहू. अर्थिंगची गुणगुण मोटर बंद केल्याने जात नाही. इथे थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवून, व्हॉल्यूमला हात न लावता मोटर बंद केली की स्पीकर गप्प होतो. म्हणजे अर्थिंगचा संबंध नाही. हे तपासायला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

आता मुद्द्याचे. या घरघरीला ठेका आहे. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या वेगात प्लॅटरचा, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीचा, एक फेरा १.८ सेकंदांत होतो. दोष प्लॅटरच्या बेअरिंगमध्ये असता तर ठेका त्या फेऱ्याशी जुळला असता, आणि ४५ वर, जिथे फेरा साधारण १.३३ सेकंदांत होतो, तो जलद झाला असता. बेल्टच्या जोडावर गाठ असती तरी वेग वाढवल्यावर ठेका बदलला असता. तो बदलत नाही. दोन्ही वेगांना सेकंदाला चाराच्या आसपास ठोके येतात. या यंत्रात वेग बदलताना बेल्ट पुलीच्या मोठ्या पायरीवर सरकतो, मोटर मात्र त्याच गतीने फिरत राहते. ५० हर्ट्झवर चालणारी ही २४ पोलची सिंक्रोनस (विजेच्या वारंवारतेनुसार ठरलेल्या गतीने फिरणारी) मोटर मिनिटाला २५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला चारहून किंचित जास्त. हिशेब तिथेच जुळतो.

खात्रीसाठी बेल्ट काढला. प्लॅटर हाताने फिरवला तर बराच वेळ निमूट फिरत राहिला. मग बेल्टाशिवाय मोटर सुरू केली आणि स्थिर रेकॉर्डवर सुई टेकवली: तीच घरघर, थोडी सौम्य. प्लॅटर हलतसुद्धा नव्हता! मोटरच्या तळाला लाकडी काठीचे एक टोक टेकवून दुसरे कानाशी धरले की खालच्या बुशाची, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीची, कोरडी खरखर स्पष्ट कळते. ज्या रबरी वॉशरांवर मोटर टांगलेली आहे, ते इतके कडक झालेत की नखही रुतत नाही. त्यामुळे मोटरची थरथर थेट चौकटीत आणि तिथून टोनआर्मपर्यंत, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीपर्यंत, जाते.

बेल्टाशिवाय आवाज सौम्य का झाला, हेही सांगतो. तुम्ही बसवलेला बेल्ट मूळ बेल्टापेक्षा आखूड आहे. तो मोटरचा दांडा एका बाजूला ओढतो आणि आधीच कोरड्या पडलेल्या बुशावर आणखी भार टाकतो. शिवाय पुलीवर तेलाचा ओघळ आहे. जिथे तेल हवे तिथे थेंब नाही, आणि जिथे बेल्ट घसरेल तिथे मात्र आहे. गाडीच्या ब्रेकला ग्रीस लावण्यातला हा प्रकार झाला.

सुईबद्दल वेगळी तक्रार आहे. माझी सुई चांगली होती. ती न विचारता बदलली आणि परतही दिली नाही.

माझ्या मागण्या अशा: मोटर उघडून बुश साफ करावेत, हलके मशीन ऑइल द्यावे, झिजले असतील तर बदलावेत. रबरी वॉशर नवे घालावेत. योग्य लांबीचा बेल्ट बसवावा आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. या कामाची मजुरी पुन्हा आकारू नये. जुनी सुई परत मिळावी, नव्या सुईचे पैसे परत करावेत. यंत्र माझ्या ताब्यात देण्याआधी स्थिर रेकॉर्ड आणि चालू मोटर ही चाचणी माझ्यासमोर करावी. ते यंत्र घरून नेण्या-आणण्याची जबाबदारी तुमची राहील, कारण टोनआर्म न बांधता ते माझ्याकडे पाठवले होते.

पावती, जॉबकार्डाची प्रत आणि दोन्ही वेगांतल्या आवाजाचे रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
एक ग्राहक